खाली गाव आहे ना?

चौतीस वर्षे मी नगरच्या एका शाळेत भूगोल शिकवला. तेवढ्या काळात फळ्यावर हिमालय किती वेळा काढला असेल याची गणती नाही. निळ्या खडूने डोंगर, पांढऱ्या खडूने बर्फ, आणि दोहोंच्या मधून एक तुटक रेघ: हिमरेषा! पण खरे सांगायचे तर मी स्वतः बर्फ पाहिला आहे तो उसाच्या रसवंतीत, लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेल्या लादीचा. वर्गात ही गोष्ट मी कधी कबूल केली नाही. एकदा आठवीतल्या एका चौकस पोराने विचारले, "सर, बर्फ पडताना आवाज होतो का हो?" मी चष्मा पुसला, घड्याळाकडे पाहिले आणि "पुढचे पान काढा" म्हणून वेळ मारून नेली. मास्तराला सर्व काही माहीत असते, या समजुतीवर शाळा चालतात. ती मोडायची कशी?

अशा या माणसावर यंदा श्रावणात एक विलक्षण कामगिरी येऊन पडली.

आमची कन्या तेहतीस वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून दोन बॅगा घेऊन ती घरी आली आणि "आता मी इथंच राहणार आहे" एवढेच म्हणाली. कायद्याचे सोपस्कार पुढे यथावकाश उरकले. आम्ही फार विचारले नाही, तिने फार सांगितले नाही. तिची नोकरी घरी बसून करता येण्यासारखी; त्यामुळे सकाळी नऊला ती माडीवर जाई आणि संध्याकाळी जेवायला खाली येई. घरात भांडण नव्हते, रडारड नव्हती. पण एके काळी सबंध आळीला ऐकू जाणारे तिचे हसणे बंद झाले होते, आणि त्या शांततेची आम्हां दोघांना धास्ती वाटू लागली होती.

एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, यंदाची थंडी मी डोंगरात काढणार आहे. बर्फावर स्कीइंग शिकायचंय."

सौ.च्या हातातला डाव तसाच राहिला.

"कुठं?" मी विचारले.

"ते तुम्ही सांगायचं. तुम्ही भूगोलाचे मास्तर ना? जानेवारी ते मार्च राहता येईल, काम करता येईल आणि शिकता येईल असं एक गाव मला निवडून द्या."

आता माझ्यासारख्या माणसाला 'जाऊ नकोस' असे म्हणण्यापेक्षा 'गाव निवडून देतो' म्हणणे सोपे. निवड लांबवता येते! मी दुसऱ्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, तीत पट्टीने रकाने आखले: गाव, उंची, बर्फ, शिकवण्याची सोय, मुक्काम, दवाखाना. आणि सर्वांत शेवटी, लाल शाईने, धोका.

पहिले नाव अर्थातच गुलमर्गचे. आपल्या देशात या खेळाची गादी तिथेच. इंग्रज अधिकाऱ्यांनी १९२७ साली तिथे स्कीइंगचा क्लब काढला. गाव सुमारे २,६५० मीटर उंचीवर, आणि तिथून गोंडोला नावाचा पाळण्यांचा रज्जुमार्ग दोन टप्प्यांत अफरवटच्या खांद्यापर्यंत, सुमारे ३,९५० मीटरांवर माणसाला नेऊन सोडतो. तिथला बर्फ कोरडा आणि भुसभुशीत. म्हणून परदेशातले पट्टीचे लोक तो धुंडीत येतात. २०२२ च्या बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, आरिफ खान. तो याच भागातला. शिकवण्यासाठी तिथे केंद्र सरकारची संस्थाही आहे. हे सारे मी निळ्या शाईने लिहिले आणि मग लाल शाईकडे वळलो. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू दगावले. २०२४ च्या जानेवारीत उलट तऱ्हा. गुलमर्ग जवळजवळ कोरडे, बर्फाची वाट पाहून लोक परतले. आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगामला जे घडले, त्यात आपल्या महाराष्ट्राची सहा माणसे गेली. ते मी लिहिले नाही, लिहिण्याची गरजही नव्हती.

दुसरे नाव औली. गढवालात जोशीमठाच्या डोक्यावर, अडीच ते तीन हजार मीटरांवर. समोर नंदादेवी, उतार लांब आणि नवख्यांना मानवणारे. २०११ सालच्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांतले स्कीइंग इथेच झाले. पण ज्या जोशीमठाच्या आधाराने औलीला जायचे, त्या गावाच्याच भिंतींना २०२३ च्या जानेवारीत तडे गेले, जमीन खचली, शेकडो कुटुंबांना घरे सोडावी लागली आणि औलीचा रज्जुमार्गही बंद करावा लागला. ते गाव जुन्या दरडींच्या ढिगाऱ्यावर वसले आहे, आणि तिथे जड बांधकाम करू नये असे सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ साली सांगितले होते. मी लाल शाईत तीन ओळी लिहिल्या.

तिसरे नाव मनाली. गाव सुमारे दोन हजार मीटरांवर, म्हणजे या तिघांत ठेंगणे. स्कीइंगसाठी तेरा-चौदा किलोमीटरांवरच्या सोलंगला जावे लागते. तिथला बर्फ गुलमर्गइतका भरवशाचा नव्हे, उतारही लहान. मात्र मनालीत गिर्यारोहणाची सरकारी संस्था १९६१ पासून आहे आणि ती हिवाळ्यात दोन आठवड्यांचे स्कीइंगचे वर्ग चालवते. आंचल ठाकूर ही मनालीजवळच्या बुरुवा गावची मुलगी. २०१८ साली तुर्कस्तानात कांस्यपदक मिळवून स्कीइंगमधले भारताचे पहिले आंतरराष्ट्रीय पदक तिने आणले. शिवाय २०२० साली नऊ किलोमीटरांचा अटल बोगदा झाला आणि मनालीच्या पलीकडचे लाहौल खोरे हिवाळ्यातही जवळ आले. पण २०२३ च्या जुलैत बियास नदीने काय हाहाकार केला तो सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. म्हणून पुन्हा लाल शाई!

असा महिनाभर माझा अभ्यास चालला. वही भरत गेली, निर्णय मात्र होईना. एका गावात बर्फ फार, एकात कमी. एक फार दूर, एक फार गजबजलेले. उपवर मुलीच्या बापाला एकही स्थळ पसंत पडू नये, तशातला प्रकार! सौ. एकदा म्हणालीच, "अहो, गाव शोधताय की गाव टाळताय?"

शेवटी मी आणखी एक अट घातली. म्हटले, "आधी आपल्या जिल्ह्यातला डोंगर चढून दाखव. कळसूबाईला दम लागला तर हिमालयाचं नाव काढायचं नाही."

कन्या हसली नाही, पण तिने आव्हान घेतले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून ती चांदबीबीच्या महालाची चढण चढू लागली. आम्ही नगरकर ज्याला चांदबीबीचा महाल म्हणतो ती खरे तर सलाबतखानाची कबर. पण आमच्या सपाट शहराला जवळ असा तो एकच डोंगर, तेव्हा त्याला कोणाच्या का होईना नावाने मान द्यावा लागतो.

आश्विनातल्या एका शनिवारी आम्ही तिघे निघालो. राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर. नगर जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो. पण याच जिल्ह्याच्या पश्चिमेच्या टोकाला घाटघर-रतनवाडीकडे, बरी वर्षे असली तर, चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आमच्या शहरात त्याचा सातवा-आठवा हिस्साही पडत नाही. राजूर सोडले, पेढे घेतले, आणि गाडी भंडारदऱ्याच्या वाटेला लागली तसा वारा बदलला. डोंगर सोनकीच्या पिवळ्या फुलांनी भरले होते. १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण काठोकाठ भरले होते.

त्या पाण्याशी आम्हां नवराबायकोचे एक जुने नाते आहे. लग्नानंतर सौ.ला काश्मीरला न्यायचे मी कबूल केले होते. तिने त्यासाठी जाड लोकरीचा एक स्वेटरही विणला होता. पण मास्तरकीच्या पगारात काश्मीर बसेना, म्हणून एस.टी.ने भंडारदऱ्याला आलो आणि "काश्मीर पुढच्या वर्षी" म्हणालो. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षे झाली. स्वेटर ट्रंकेत आहे. डांबराच्या गोळ्या तेवढ्या दरवर्षी बदलतात.

रविवारी पहाटे बारी गावातून चढायला सुरुवात केली. सौ. गुडघ्यांमुळे गावातच एका घरी थांबली. कळसूबाई १,६४६ मीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. चढता चढता मास्तराने गणित मांडलेच: नगर साडेसहाशे मीटरांवर, म्हणजे हा डोंगर आमच्या घराहून हजार मीटर उंच, हजार मीटरांना साडेसहा अंश, एवढाच काय तो फरक. उत्तरेत हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून वादळे येतात आणि ती हिमालयात बर्फ टाकतात. ती इथवर पोचत नाहीत. पोचली तरी एवढ्या उंचीवर बर्फ टिकणार नाही. कन्या पुढे चालत होती आणि "हं" म्हणत होती.

लोखंडी शिड्यांपाशी मी बसलो. ती म्हणाली, "बाबा, मी आठ वर्षांची असताना इथंच पडले होते ना?"

आठवत होते. शेवाळावरून तिचा पाय सटकला होता, आणि मी तिला पाठुंगळी मारून सबंध डोंगर उतरलो होतो. "तेव्हा तू मला वर जाऊच दिलं नाहीस," मी म्हटले. "ढसाढसा रडलीस."

"मी रडले ते पडले म्हणून नाही. तुम्ही मला परत खाली नेलंत म्हणून."

मी काही बोललो नाही. ती शिडी चढू लागली. मीही, दर दहा पायऱ्यांवर थांबत, मागोमाग गेलो. वर देवीच्या लहानशा देवळापाशी वारा असा, की टोपी हातात धरावी लागली. खाली भंडारदऱ्याचे पाणी, पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग. तिथे बसून मी पिशवीतून वही काढली. खरे तर तिला सर्व धोके एकदा नीट समजावून द्यावेत, असा बेत होता.

तिने वही हाती घेतली, शांतपणे वाचली. मग विचारले, "बाबा, धोक्याच्या रकान्यात सगळी गावं आहेत. पुणं का नाही?"

"पुण्याला कसला धोका?"

"मी पडले ती सपाटीवरच की," ती म्हणाली.

वारा होता म्हणून बरे. डोळ्यांत पाणी कशाने आले हे सांगावे लागले नाही.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे, स्कीइंगमध्ये पहिल्या दिवशी काय शिकवतात? पडायला. वेग आवरेना झाला की कुशीवर पडायचं, मग फळ्या उताराला आडव्या करायच्या आणि वरच्या अंगानं उठायचं. ते आलं की मग थांबायला शिकवतात. फळ्यांची पुढची टोकं जवळ, मागची लांब, घराच्या पाख्यासारखी. सरळ जायला सगळ्यांत शेवटी. मला ते पडणं आणि उठणं शिकायचंय, बाबा. ते मला कुणी शिकवलंच नाही."

लेकीला मी अंकगणित शिकवले, नकाशा शिकवला, सायकल शिकवली. सायकल शिकवतानाही मागचा दांडा मी इतका घट्ट धरी, की ती कधी पडली नाही. आणि सायकलही तिला, सांगायला हरकत नाही, दुसऱ्या कोणाकडून शिकावी लागली.

उतरून बारीत आलो तेव्हा सौ. ओसरीवर बसून त्या घरच्या आजींशी नाचणीच्या भाकरीबद्दल चर्चा करीत होती. पिठले-भाकरी समोर आली. आजींना आमच्या बेताची सर्व वार्ता एव्हाना पोचली होती. त्यांनी कन्येला आपादमस्तक न्याहाळले.

"एकली जाती व्हय?"

"हो आजी."

"बरफात?"

"हो."

मला वाटले, आता आजी माझी बाजू घेणार. मी उगाच म्हणालो, "पाय बिय मोडला तर, असं मी म्हणतो."

आजी म्हणाल्या, "हितं काय मोडत न्हाई का? पावसाळ्यात रविवारच्याला यकादा तरी मुरगाळून पडतोच वर. मंग आमची पोरं बांबू अन् घोंगडी घिऊन जात्यात, झोळी करत्यात, आनत्यात खाली. शेरातली मानसं वर जात्यात ती काय डोंगराच्या भरवशावर? खाली गाव हाय म्हून जात्यात." आणि मग भाकरी वाढीत सौ.ला विचारले, "तकडं खाली गाव हाय ना?"

एवढेच. आजींना काही तत्त्वज्ञान सांगायचे नव्हते. त्यांनी साधी चौकशी केली होती. पण माझ्या दोनशे पानी वहीत नेमका हाच रकाना आखायचा राहिला होता. उंची होती, बर्फ होता, उताराचे अंश होते. पण बर्फ नसेल त्या दिवशी तिथे कोण असेल, हे मी पाहिलेच नव्हते. आपण डोंगरावरच्या जागा निवडतो त्या आपल्या हौसेच्या महिन्यापुरत्या. बारीच्या लोकांचे शिखराशी नाते बाराही महिन्यांचे असते. काजव्यांच्या दिवसांत गाड्यांची रांग लावून येणाऱ्या आम्हा शहरी मंडळींपैकी कितीजण गावाचे नाव तरी विचारतात?

परतीच्या वाटेवर गाडीतच मी नवा रकाना आखला आणि उत्तर आपोआप पुढे आले. गुलमर्ग थोर, पण ते गाव कमी आणि हॉटेलांनी वेढलेले कुरण अधिक, वस्ती आहे ती तेरा किलोमीटर खाली टंगमर्गला. मुरलेल्या स्कीपटूला ते चालेल. वर्षभराने तिलाही चालेल. औलीखालचे गाव तर स्वतःच आधार शोधते आहे. त्याच्यावर आणखी एका पाहुणीचा भार कशाला? मनालीत बर्फ थोडा कमी सही. पण तिथे शाळा आहे, इस्पितळ आहे, भाजीबाजार आहे, सफरचंदाच्या बागा असलेले आणि हिवाळाभर शेगडीशी बसणारे लोक आहेत. सोलंगचा उतार लहान आहे, हे मी पूर्वी उणे म्हणून लिहिले होते. आता कळले, पडायला शिकणाऱ्याला लहानच उतार हवा. तीस अंशांहून खड्या चढावर बर्फाचे कडे सुटतात. नवख्यांचे उतार त्याच्या निम्म्यानेही नसतात.

अर्थात मनालीवर नदीचा कोप होऊन गेला, हे मी विसरलो नाही. लाल शाई खोडली नाही. फक्त तिच्या शेजारी निळ्या शाईत लिहिले: 'खाली गाव आहे.'

कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटवताना निर्णय जाहीर केला. दोन आठवडे संस्थेच्या वर्गात, त्यानंतर मार्चपर्यंत गावात एखादी खोली घेऊन मुक्काम. कन्येने विचारले, "नक्की?" मी म्हटले, "भूगोलाप्रमाणे तिसरा क्रमांक. बाकी सगळ्यांत पहिला." आणि दोन वर्षांनी प्रथमच ती मोठ्याने हसली, असे, की शेजारच्या गच्चीवरची मंडळी वळून पाहू लागली.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्याकडे अर्ज, डॉक्टरांचा दाखला, लोकरी मोजे यांची गडबड चालू असेल. तिकीट अजून काढलेले नाही. रेल्वे आता साठच दिवस आधी आरक्षण देते. पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम रात्री आमच्या स्टेशनात थांबते. मी ती शेकडो वेळा पाहिली. कोणाला पोचवायला गेलो, प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो, हात हलवला आणि घरी आलो. जानेवारीत तिलाही तिनेच दिल्लीपर्यंत पोचवू. सायकलचा दांडा यावेळी वेळेवर सोडायचा, असे मी मनाशी पक्के ठरवले आहे. जमेल की नाही, ते गाडी हलल्यावर कळेल.

परवा सौ.ने ट्रंक उघडली. मला वाटले, स्वेटर लेकीसाठी काढते आहे. तर तिने तो झटकला, उन्हात टाकला, आणि स्वतःच्या अंगाला लावून पाहू लागली.

"अगं, हे काय?"

"फेब्रुवारीत तिची खोली असेलच की. आठ दिवस जाऊन येऊ," ती म्हणाली. "मी काही फळ्यांवर उभी राहणार नाही. खिडकीतनं बघीन. चाळीस वर्षं झाली, आता पुढचं वर्ष उजाडू दे एकदाचं."

मी वही काढली. गाव, मुक्काम, दवाखाना सारे तयारच होते. प्रवाशांच्या नावांखाली आणखी दोन नावे लिहिली. आठवीतला तो पोरगा आता पन्नाशीकडे झुकला असेल. कुठे असेल कोण जाणे. पण भेटलाच, तर बर्फ पडताना आवाज होतो की नाही, हे त्याला फेब्रुवारीनंतर नक्की सांगता येईल.